बकरीचे दूध आणि ‘आरोग्यनी चावी’

बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला गांधीजी प्रथम भेटतात ते गुजरातीतून, आणि तेही बहुधा आत्मकथेच्या वाटेने. त्या मानाने ‘आरोग्यनी चावी’ हे त्यांचे चिमुकले पुस्तक उपेक्षित राहिले आहे. ज्यांच्या घरी ते असते त्यांच्याकडे ते औषधाच्या कपाटात सापडते, ग्रंथांच्या फळीवर नव्हे. आणि जे वाचतात ते निसर्गोपचाराची पुस्तिका म्हणून वाचतात. मातीच्या पट्ट्या आणि कटिस्नान यांची माहिती हवी असेल तर ते पुस्तक उघडावे, एरवी मिटून ठेवावे, असा एक समज रूढ झाला आहे. तो समज लेखकावर अन्याय करणारा आहे. एखाद्या लेखकाने आपल्याच मताचा जाहीरपणे पराभव मान्य करावा आणि तरीही त्या मताची ओढ सोडू नये, असे प्रसंग आपल्या गद्यात फार थोडे. या पुस्तकातील आहारावरचे प्रकरण हा तसा एक प्रसंग आहे.

पुस्तक लिहिले गेले ते पुण्याजवळ आगाखान राजवाड्यात. १९४२ च्या ९ ऑगस्टला गांधीजींना अटक झाली. १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई तेथेच निवर्तले. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस या पुस्तकाला आरंभ होऊन डिसेंबरात ते पुरे झाले. पंचवीस वर्षांचा सहकारी गमावल्यास दोन आठवडेही लोटलेले नसताना माणूस हवा, पाणी, अन्न, मसाले, चहा-कॉफी, अफू आणि तंबाखू यांवर एकामागून एक प्रकरणे लिहीत बसतो, आणि त्या गद्यात दुःखाचा एक ओरखडाही उमटत नाही. वाक्ये आखूड, विशेषणे जवळजवळ नाहीतच. घरातल्या वडील माणसाने सकाळी अंगणात बसून चार गोष्टी सांगाव्यात तसा सूर. या सुराची मोहिनी अशी की, सांगितलेली गोष्ट खरी आहे की खोटी हा प्रश्न वाचकाच्या मनात उशिराने उभा राहतो. टीकाकाराने मात्र तो अगोदरच विचारला पाहिजे.

तो आजच विचारावयाचे कारण असे. दूध, तूप, अंडी, मासे, मांस यांपैकी काहीही न घेता केवळ वनस्पतिजन्य अन्नावर मनुष्याने राहावे, आणि गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत आयुष्याच्या प्रत्येक अवस्थेत ते अन्न पुरेसे आहे, असे प्रतिपादन अलीकडे सुशिक्षित वर्गात मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते. त्यास आधारही थोर मिळाला आहे. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनेने २००९ साली आणि पुन्हा २०१६ साली आपल्या अधिकृत निवेदनात तसा निर्वाळा दिला. आपल्याकडील तरुण मंडळी हा निर्वाळा गांधीजींच्या नावाशी जोडून देतात, आणि येथेच घोटाळा होतो. गांधीजींना हे मत मान्य नव्हते असे नाही; ते मत खरे ठरावे यासाठी त्यांनी प्राण पणाला लावला होता. परंतु ते खरे ठरले, असे त्यांनी लिहिले नाही.

प्रथम शब्दाचा विचार करू. आपला ‘शाकाहार’ हा शब्द मोठा लबाड आहे. शाक म्हणजे भाजीपाला, तेव्हा शाकाहार म्हणजे भाजीपाल्याचा आहार, असे कोशात दिसते. परंतु शाकाहारी म्हणविणाऱ्या घरात सकाळचा चहा, दुपारचे ताक, रात्रीचा दहीभात आणि सणाची बासुंदी ही सारी जनावराच्या आचळातूनच येतात. दूध हा पदार्थ आपण मनाने वनस्पतींच्या पंक्तीला नेऊन बसविला आहे. वारकरी असो की वैष्णव, दुधाशी कोणाचे भांडण नाही. गोव्यातील घरात ज्याला शिवराक म्हणतात त्याची गोष्ट तर याहून वेगळी. ते सोमवारचे, श्रावणाचे, व्रताचे अन्न. म्हणजे मधूनमधून येणारा विसावा. एरवी समुद्र शरीराची उणीव भरून काढीत असतो. तेव्हा ‘आमचे पूर्वज शेकडो वर्षे शाकाहारावर जगले’ हा युक्तिवाद आजच्या निव्वळ वनस्पत्याहाराच्या समर्थनार्थ करता येत नाही. ते पूर्वज शाकाहारावर आणि गोठ्यावर जगले.

गांधीजी या लबाडीला फसले नाहीत, ही या पुस्तकाची पहिली थोरवी. अन्नाचे प्रकार पाडताना दूध हा प्राणिजन्य पदार्थ आहे आणि काटेकोर शाकाहारात त्याला मुळीच जागा नाही, हे ते स्पष्टपणे सांगतात. एवढेच नव्हे, तर जो दूध घेतो त्याला निर्जीव अंडे घेण्यास तत्त्वतः हरकत नसावी, असेही ते लिहितात. १९४२ साली एका वैष्णव बनियाने गुजरातीत हे लिहावे, याला धैर्य लागते. अमदाबादच्या किती घरांत ते पान घाईने उलटले गेले असेल, कोण जाणे!

आता या मताचा इतिहास. १९१३ साली, दक्षिण आफ्रिकेत असताना, गांधीजींनी ‘इंडियन ओपिनियन’मध्ये आरोग्यविषयक सामान्य ज्ञानाची एक लेखमाला गुजरातीत चालविली होती. तिच्या आदल्याच वर्षी टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी आणि त्यांचे मित्र कॅलनबाख यांनी दूध सोडले होते. त्या लेखमालेत दुधावर चांगलाच हल्ला आहे. दूध मनुष्याला आवश्यक नाही, ते रोगाचे वाहन होते, त्याची जागा बदाम आणि ऑलिव्हचे तेल घेऊ शकतील, असा तिचा सूर. लेखक चाळिशी ओलांडलेला, शरीर काटक, प्रयोग यशस्वी होत असलेला. तेव्हा सूर चढा लागला यात नवल नाही. ही लेखमाला पुढे पुस्तकरूपाने अनेक भाषांत गेली आणि त्यांच्या सर्व लिखाणांत लोकप्रिय ठरली. या लोकप्रियतेचे कारण आपल्याला कधी उमगले नाही, असे खुद्द लेखकानेच पुढे नमूद केले आहे. कारण उघड आहे. रोगी माणसाला निश्चित बोलणारा वैद्य आवडतो.

त्यानंतर १९१८ साल उजाडले. खेडा जिल्ह्यातील सत्याग्रह, सैन्यभरतीसाठी केलेली पायपीट, भुईमुगाच्या दाण्यांचे लोणी आणि लिंबू एवढ्यावर चाललेला आहार, आणि मग आमांशाचा तो दीर्घ आजार. देह काही केल्या उभा राहीना. मुंबईचे डॉ. दलाल यांनी स्पष्ट सांगितले की, दूध घेतल्याखेरीज हे शरीर मी पुन्हा बांधू शकणार नाही. गांधीजींनी व्रताचा आधार घेतला. गायी-म्हशींवर गवळी कोणते अत्याचार करतात हे कळल्यावर घेतलेले ते व्रत होते. तेव्हा खाटेशी उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या की, व्रत गायी-म्हशीच्या दुधाचे असेल तर बकरीच्या दुधाला हरकत ती काय? आत्मकथेतील हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे, आणि आपण तो एक गोड कौटुंबिक किस्सा म्हणून सांगतो. गांधीजींनी तो तसा लिहिलेला नाही. व्रताचे अक्षर राखले आणि आत्मा गमावला, अशी स्वतःवर ठेवलेली ती फिर्याद आहे. बकरीचे दूध त्यांनी उरलेले आयुष्यभर घेतले, आणि ते घेणे त्यांना शेवटपर्यंत सलत राहिले.

टीकाकाराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. माझे पूर्वीचे पुस्तक वाचून ज्यांनी दूध सोडले असेल त्यांनी, सर्व बाजूंनी लाभ दिसत नसेल तर, तो प्रयोग चालू ठेवू नये, असा इशारा त्यांनी आत्मकथेत दिला. अशक्त आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दुधासारखे हलके व पोषक अन्न दुसरे नाही, असा अनुभवही लिहिला. शिवाय दुधाची जागा घेणारी वनस्पती कोणा अनुभवी माणसाला ठाऊक असल्यास त्याने कळवावे, असे आवाहन केले. पंधरा वर्षांत एका लेखकाने आपल्या सर्वांत खपणाऱ्या पुस्तकाला आपल्याच हाताने छेद दिला. ‘आरोग्यनी चावी’त हा छेद कायम आहे. लेखकाची इच्छा एकीकडे आणि अनुभव दुसरीकडे, आणि मधली दरी कोणत्याही अलंकाराने बुजविलेली नाही. आहारशास्त्रावर लिहिणाऱ्या आजच्या मंडळींत हा गुण दुर्मिळ झाला आहे. त्यांच्या पुस्तकांत लेखक कधी आजारी पडत नाही.

योगायोग असा की, गांधीजी आगाखान राजवाड्यातून सुटले त्याच वर्षी, १९४४ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मूठभर मित्रांनी दूधही न घेणाऱ्यांचा निराळा संघ काढून ‘वीगन’ हा शब्द घडविला. आणि ज्या साली गांधीजींची हत्या झाली त्याच १९४८ साली अमेरिकेत व इंग्लंडमध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, यकृतातून एक लालभडक स्फटिकरूप द्रव्य वेगळे काढण्यात आले. तेच ब-१२ जीवनसत्त्व. हे द्रव्य वनस्पती निर्माण करीत नाहीत. प्राणीही करीत नाहीत. ते करतात सूक्ष्म जंतू. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात ते जंतू नांदतात, आणि तेथून ते द्रव्य दुधात व मांसात उतरते. मनुष्याला त्याची गरज दिवसाकाठी दोन-अडीच मायक्रोग्रामची, म्हणजे नखाच्या टोकावरही दिसणार नाही एवढी. परंतु ते नसेल तर रक्त नीट तयार होत नाही आणि मज्जातंतूंवरील आवरण झिजते. यकृतात त्याचा काही वर्षांचा साठा असतो. म्हणून दूध सोडलेल्या माणसाला पहिली दोन-तीन वर्षे उत्तमच जातात आणि तो त्या उत्साहात पुस्तक लिहितो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. १९१८ चा गांधीजींचा आजार ब-१२ च्या अभावाचा होता, असे विधान करण्याचा मोह वाचकास होईल. तो आवरावा. आजार आमांशाचा होता, उपचार नाकारलेले होते, श्रम अतोनात झाले होते. शंभर वर्षांनंतर खाटेशेजारी जाऊन निदान करता येत नाही. एवढे मात्र खरे की, वनस्पतिसृष्टीत जे द्रव्य मिळावे म्हणून ते वैद्यांना हाका मारीत होते, त्यातील एक महत्त्वाचा अंश त्या सृष्टीत नव्हताच. आज तो अंश कारखान्यात जंतूंकडून करवून घेतला जातो आणि त्याची स्वस्त गोळी मिळते. त्यासाठी कोणत्याही गायीला त्रास द्यावा लागत नाही. ही गोळी त्यांना मिळती तर त्यांनी ती आनंदाने घेतली असती की कृत्रिम म्हणून नाकारली असती, हा प्रश्न मनोरंजक आहे. मला वाटते, तर्क खूप केला असता आणि शेवटी घेतली असती.

बकरीच्या दुधाची तर आणखी एक गंमत आहे. गायीच्या दुधाच्या मानाने त्यात ब-१२ फारच थोडे, आणि फोलिक आम्ल तर नावापुरतेच. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात जर्मनीतील वैद्यांना केवळ बकरीच्या दुधावर वाढविलेल्या तान्ह्या मुलांत एक विशिष्ट रक्तक्षय आढळला, आणि त्या रोगाला बकरीच्या दुधाचेच नाव पडले. जे दूध पन्नाशीकडे झुकलेल्या पुरुषाला उठवून बसविते, तेच एकमेव अन्न म्हणून दिले तर बालकाला फिकट पाडते. अन्न चांगले की वाईट, असे विचारून उत्तर मिळत नाही. कोणाला, कोणत्या वयात आणि कशाच्या जोडीने, असे विचारावे लागते.

आणि नेमके हेच विचारणे ‘आरोग्यनी चावी’त राहून गेले आहे. पुस्तकाचे हे सर्वांत मोठे वैगुण्य असून त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. आहाराच्या प्रकरणाच्या अखेरीस त्यांनी रोजच्या अन्नाचे प्रमाण दिले आहे. गायीचे दूध दोन रत्तल, धान्य सहा औंस, पालेभाजी तीन औंस, इतर भाज्या पाच औंस, कच्ची भाजी एक औंस, तूप दीड औंस, गूळ किंवा साखर दीड औंस, आणि ऐपतीप्रमाणे फळे. हे प्रमाण बैठे काम करणाऱ्यासाठी आहे, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले आहे. यादीत डाळ नाही. कारण कारकून, वकील, शिक्षक अशा, दूध परवडणाऱ्या लोकांना डाळीची गरज नाही, असे त्यांचे मत. दोन रत्तल दुधात प्रथिने भरपूर मिळतात, तेव्हा हिशेब चुकीचा नाही. पण दूध ज्याला परवडत नाही त्या श्रमिकाचे काय? त्याने डाळ खावी, एवढ्यावर तो विषय आटोपतो. पोटुशी स्त्री, ओली बाळंतीण, अंगावर पिणारे मूल, नुकती न्हाण आलेली मुलगी, दात गेलेला म्हातारा – यांपैकी कोणासाठीही या पुस्तकात निराळे प्रमाण नाही. १९१३ च्या लेखमालेत बाळंतपणावर आणि मुलांच्या संगोपनावर प्रकरणे होती. १९४२ च्या पुस्तकात ती नाहीत. ज्या देहावर प्रयोग केला तो एका प्रौढ पुरुषाचा देह होता, आणि पुस्तकही त्याच देहाच्या मापाने बेतलेले राहिले. आत्मानुभवाच्या पद्धतीची ही सीमा आहे. ती दोष म्हणून सांगावयाची नाही. परंतु ‘प्रत्येक अवस्थेत’ असे जो म्हणतो त्याने या पुस्तकाची साक्ष काढू नये.

मातेच्या बाबतीत साक्ष काढावयाचीच तर मुंबई-पुण्याचीच काढता येते. १९२८ साली लूसी विल्स नावाची एक इंग्रज बाई मुंबईत आली. गरोदर स्त्रियांना होणाऱ्या जीवघेण्या पंडुरोगाचे कारण शोधणे हे तिचे काम. परळच्या हाफकिन संस्थेत आणि शहरातील रुग्णालयांत तिने ते केले. रोग्यांत गिरणगावातील गरीब बायका, ज्यांच्या ताटात भाजी, फळ क्वचितच पडे. यीस्टचा अर्क दिला असता या स्त्रिया सुधारतात, असे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कात कोणते द्रव्य आहे हे तेव्हा माहीत नव्हते. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते द्रव्य काढण्यात आले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फोलिक आम्ल म्हणू लागले. म्हणजे गर्भवतीच्या रक्ताला जे हवे होते ते मांसात शोधण्याची गरज नव्हती; ते मुंबईच्या भाजीबाजारात जुड्या बांधून ठेवलेले होते. वनस्पत्याहाराच्या बाजूने याहून चांगली साक्ष कोणती हवी? तरीही त्या मताचे आपले प्रचारक या बाईंचे नावही घेत नाहीत. परदेशी चित्रपट पाहून पक्ष स्वीकारला की घरचे साक्षीदार दिसेनासे होतात.

दुसरी साक्ष पुण्याची, आणि ती दुधारी आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. त्या गरोदर राहण्याआधीपासून त्यांची नोंद ठेवली आणि पुढे त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षे पाहणी चालविली. २००१ साली त्यांच्या मंडळींनी दाखविले की, ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खात होत्या त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. पानांची थोरवी पुन्हा सिद्ध झाली. परंतु २००८ च्या निबंधात चित्राची दुसरी बाजू आली. या मातांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात ब-१२ कमी होते, आणि ज्यांच्या रक्तात फोलिक आम्ल विपुल पण ब-१२ तुटपुंजे होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारी लक्षणे अधिक दिसली. दोन्ही द्रव्ये शरीरात एकाच घाण्याला जुंपलेली असतात. एक बैल धष्टपुष्ट आणि दुसरा मरतुकडा असला म्हणजे घाणा वेडावाकडा फिरतो. शिवाय फोलिक आम्ल रक्ताची फिकट कळा झाकून टाकते आणि मज्जातंतूंची झीज आतल्या आत चालू राहते. हे लक्षात घ्या की, या स्त्रिया वीगन नव्हत्या. त्या आपल्या नेहमीच्या अर्थाने शाकाहारी, किंवा क्वचित मांस खाणाऱ्या, होत्या. चहात पडते तेवढे दूध त्यांना मिळत होते. मग तेही दूध तत्त्वासाठी काढून टाकणाऱ्या गर्भवतीने गोळीवाचून कसे राहावे?

आणि मूल? १९६२ साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी काही तान्ह्या बाळांची हकिकत प्रसिद्ध केली. बाळे अंगावर पिणारी, पाहता गुटगुटीत. पण मरगळलेली, कशाकडे लक्ष न देणारी, कातडीवर काळसर डाग आलेली, हातपाय कापणारी, शिकलेल्या गोष्टी विसरत चाललेली. मातांच्या दुधातच ब-१२ नव्हते. ते टोचल्यावर बाळे सुधारली. आईचे दूध हे सर्वोत्तम अन्न खरेच. परंतु आईच्या थाळीत जे नाही ते त्या दुधात कोठून येणार? प्रौढाला जो अभाव उमगण्यास काही वर्षे लागतात तो बालकात काही महिन्यांत उघड होतो, कारण त्याच्या यकृतात साठा नसतो. आईने जन्माच्या वेळी जे दिले तेवढीच त्याची शिदोरी.

याचा अर्थ वनस्पत्याहाराचे प्रतिपादन खोटे, असा नव्हे. अमेरिकन निवेदनाचे वाक्य पुन्हा नीट वाचले तर त्यात एक लहानसा क्रियाविशेषणात्मक अंश आढळतो. आहार योग्य रीतीने आखलेला असेल तर, अशी ती अट आहे. सारे ओझे या अटीवर आहे आणि प्रचारात पहिल्याने गळून पडते ती हीच अट. जर्मनीतील आहारसंस्थेने २०१६ साली गर्भवती, माता आणि मुले यांच्यासाठी हा आहार सुचविण्यास नकार दिला होता; २०२४ साली तिने निरोगी प्रौढांपुरती संमती दिली आणि इतरांविषयी बाजूने किंवा विरुद्ध निकाल देण्याचे टाळले. खुद्द अमेरिकन संघटनेचे २०२५ चे निवेदन केवळ प्रौढांपुरते असून त्यात गर्भवती व स्तन्यदा स्त्रियांना मुद्दाम वगळले आहे. वगळणे म्हणजे निषेध नव्हे. परंतु जे वाक्य पूर्वी पाळण्यापासून काठीपर्यंत पसरले होते ते आता आखडले आहे, आणि आपल्याकडे अजून जुनेच वाक्य फिरते आहे.

आखणी करावयाची कोणी? आमच्या घरांत ती नेहमी बायकांनीच केली, आणि पुस्तकावाचून केली. गांधीजींच्या यादीत जे नाही ते त्यांच्या डब्यांत होते. बाळंतिणीला अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू. सहा महिन्यांच्या बाळाला नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून, वस्त्रगाळ केलेले सत्त्व. गोव्यात नारळाच्या रसात आणि गुळात शिजविलेले तिजण. आजाऱ्याला आणि आजोबांना मेतकूट कालवलेला मऊ भात. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्राम कॅल्शियम असते. मोड आणल्याने आणि आंबविल्याने धान्यातील फायटिक आम्ल उतरते आणि लोह अंगी लागते. उसळीवर पिळलेल्या लिंबाचेही तेच काम. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्याउलट होते. गांधीजींनी चहावर खटला भरला तो त्यातील टॅनिन पचन बिघडविते म्हणून. आरोपी बरोबर, कलम निराळे लागावयास हवे होते. हे सारे ज्ञान वनस्पतींच्या बाजूचे आहे, आणि ते पश्चिमेकडून मागवावे लागत नाही. मात्र त्या डब्यांच्या शेजारी दुधाचे पातेले होते, हे विसरून चालत नाही. अळिवाच्या खिरीतील अळीव ठेवून दूध काढून टाकले म्हणजे परंपरा अर्धी उरते. नारळाचे किंवा बदामाचे दूध दिसावयास दूध असते. ब-१२ घातलेले नसेल तर त्यात ते नसते, आणि बदामाच्या पातळ दुधात प्रथिनेही बेताचीच.

प्रस्तुत लेखकास या मतातील नैतिक बाजूचा आदर आहे. १९३१ साली लंडनच्या शाकाहार-मंडळापुढे बोलताना गांधीजींनी हीच बाजू पुढे मांडली. केवळ प्रकृतीसाठी शाकाहारी झालेले लोक बहुधा टिकत नाहीत, पाया नीतीचा हवा, असे त्यांचे म्हणणे होते. त्या सभेला हेन्री सॉल्ट हजर होते, ज्यांच्या पुस्तकाने विद्यार्थिदशेत त्यांना हे व्रत बुद्धिपूर्वक स्वीकारावयास लावले. नीतीचा पाया ज्याला मान्य आहे त्याने प्रकृतीच्या पायाला खोटे टेकू देण्याचे कारण नाही. गायीवरील दयेसाठी मी दूध सोडतो आणि त्यापायी रोज गोळी घेतो, हे वाक्य सरळ आहे, पुरुषार्थाचे आहे. दुधात काहीच नव्हते, ऋषिमुनी पाल्यावर शतायुषी झाले, हे वाक्य तसे नाही.

वार्धक्याविषयी पुस्तकात काही नाही, हे मला सर्वांत चमत्कारिक वाटते. कारण लिहिणारा त्र्याहत्तर वर्षांचा होता. उतारवयात जठरातील आम्ल कमी होते, आणि अन्नात असलेले ब-१२ देखील सुटे होऊन अंगी लागत नाही. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी घटते. पायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसर पडतो, आणि घरची माणसे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. स्नायू टिकावेत म्हणून या वयात प्रथिने उलट अधिक लागतात. दात नसल्याने डाळ-उसळ सुटते आणि ताटात चहा-बिस्किट आणि मऊ भात उरतो. आपल्या शाकाहारी घरांतील कितीतरी वृद्ध याच ताटावर आहेत, आणि त्यांना कोणी वीगन म्हणत नाही.

‘आरोग्यनी चावी’ची नवी आवृत्ती कोणी काढली तर मूळ मजकुराला हात लावू नये, एक वाक्यही बदलू नये. फक्त दुधाच्या परिच्छेदाखाली १९४८ सालाची एक टीप द्यावी, आणि १९१३ च्या लेखमालेतील बाळंतपणाची व बालसंगोपनाची गळालेली प्रकरणे, आजच्या वैद्याच्या टिपांसह, परिशिष्टात घालावीत.